मान अडकली

"अगं, मान अडकली!" गॅरेजातून मी ओरडलो.

बायको धावत आली ती गरम पाण्याची पिशवी आणि निलगिरीचं तेल घेऊनच. दारात थबकली. टेबलाला बोल्ट मारून बसवलेला एक लोखंडी प्रेस, त्याच्या दांड्याखाली पालखी उचलावी तसा खांदा घातलेला तिचा नवरा, आणि दांडा जागचा न हलता टेबलाचेच पुढचे दोन पाय जमिनीपासून चार बोटं वर आलेले, असं एकंदर दृश्य होतं.

"कुणाची मान?"

"काडतुसाची."

तिनं पिशवीचं बूच चाचपून पाहिलं. "रात्री माझ्या टाचांना होईल," म्हणाली आणि आत गेली. जाताना गॅरेजचा दिवाही मालवून गेली. काटकसर आमच्या घरात अशी अंगवळणी पडली आहे, आणि या सगळ्या प्रकरणाला तीच जबाबदार आहे.

आम्ही ओहायोत राहतो, क्लीव्हलंडच्या पश्चिमेला. शेजारी एक अमेरिकन गृहस्थ आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं खरं नाव सांगत नाही. आमच्या घरात त्यांना बापटकाका म्हणतात. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या कचऱ्यातले दह्याचे रिकामे डबे काढून, धुऊन, झाकणांसकट परत आणून दिले. "चुकून टाकलेले दिसतात," म्हणाले. बायको शरमेनं लाल झाली. डबे मुलीनं टाकले होते, आणि तिचा जन्म इथला. पण सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या बापटकाकांनंतर असा माणूस मी पाहिला नव्हता. इंग्रजीत 'यू' एकच असलं तरी ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो, हे आम्हा दोघांनाही नीट ऐकू येतं.

एका शनिवारी ते मला त्यांच्या क्लबच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेले. लोक बंदुका उडवत होते. बापटकाका मात्र गोळीबार थांबायची वाट बघत होते. तो थांबला आणि सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, तसे ते कमरेत वाकले आणि परड्यात पडलेली बकुळीची फुलं वेचावीत तशी गवतातली पितळी टोपणं वेचू लागले. शेजारच्या तरुणानं स्वतःची टोपणं तशीच टाकली होती. बापटकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपल्याकडे पानात भात टाकून उठणाऱ्याकडे आजी बघायची.

"ही फेकून देतात?" मी विचारलं.

"रानटी आहेत," ते म्हणाले.

काडतुसात जिन्नस चार. बुडाला प्रायमर, म्हणजे दिवाळीत आपण बंदुकीत घालायचो त्या टिकलीची थोरली बहीण; आत दारू; तोंडाशी गोळी; आणि हे सगळं पोटात सांभाळणारी पितळी केस. उडवल्यावर टिकली फुटते, दारू जळते, गोळी जाते. केस तेवढी मागे राहते, आणि काडतुसात सगळ्यांत महाग तीच. तीत नवी टिकली, नवी दारू आणि नवी गोळी भरायची आणि पुन्हा उडवायची. याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा छंद असलेली माणसं पुष्कळ आहेत. आइस्क्रीमच्या डब्यात इडलीचं पीठ ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवीन काय? मला तर परदेशात अचानक गाववाला भेटल्यासारखं झालं.

"किती वाचतात?" मी विचारलं. आपला पहिला प्रश्न हाच असतो.

"काडतुसामागे निदान अर्धा डॉलर," बापटकाका म्हणाले.

एवढंच ऐकून मी पंधरवड्यात प्रेस घेतला. मग डाय (म्हणजे केस आवळायचा पोलादी साचा), दारू तोलायचा काटा, जाडी मोजायचा कॅलिपर, केस कापून लांबी बरोबर करायचं यंत्र, त्या घोळवायचं पिंप, पिंपात घालायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि कणसाच्या बुरकुंडाचा भुगा (हा भुगा इथे पैसे देऊन विकत घ्यावा लागतो, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही). सगळे मिळून बाराशे चाळीस डॉलर झाले. बंदूक बापटकाकांची, उसनी.

पहिली चाळीस काडतुसं मी उडवून आलो त्या रात्री बायकोनं कागद घेतला. "बाराशे चाळीस भागिले चाळीस. एक काडतूस एकतीस डॉलरला पडलं."

"पण केसेस परत वापरता येतात! दुसऱ्या फेरीला साडेपंधरावर येईल. चौथ्या फेरीला पावणेआठ."

"म्हणजे जितकं जास्त उडवशील तितकं स्वस्त?"

"बरोबर!"

तिनं कागदाची घडी केली आणि मागची कोरी बाजू वाण्याच्या यादीसाठी फ्रिजवर लावली. एकतीसचा आकडा आतल्या बाजूला आहे, पण उजेडात दिसतो.

आता मुख्य मुद्दा मानेचा. रायफलची केस बाटलीसारखी असते. खाली रुंद अंग, वर उतरता खांदा आणि त्यावर मान. गोळी या मानेत बसते. काडतूस उडालं की आतल्या दाबानं मान फुगते आणि बंदुकीच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, जाऊन चिकटते. दाब उतरल्यावर ती थोडी आक्रसते, पण पहिल्या मापावर येत नाही. नवी गोळी घातलीत तर ती गडप होऊन आत दारूवर जाऊन बसते. म्हणून ती मान डायमध्ये घालून पुन्हा आवळायची. याला म्हणायचं नेक साइझिंग.

किती आवळायची? इथे सगळे शहाणे वेडे होतात. माझं काडतूस .३०८ विंचेस्टर. ते १९५२ साली बाजारात आलं, आणि आपल्या सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२ काडतूस त्याचा जवळपास सख्खा भाऊ. गोळीचा व्यास ३०८ थाऊ, म्हणजे इंचाचे ३०८ हजारांश. माझ्या केसच्या मानेची भिंत एका बाजूला १४ थाऊ आणि दुसऱ्या बाजूला १४. बेरीज ३३६. त्यातून दोन वजा करायचे आणि ३३४ थाऊची बुशिंग, म्हणजे एक पोलादी कडं, डायमध्ये बसवायचं. कासार हात दाबून बघतो आणि मनात माप धरतो ना, तसं. फरक एवढाच की कासाराचा अंदाज डोळ्यांत असतो आणि आमचा कॅलिपरमध्ये. ही कडी एकेका थाऊच्या फरकानं मिळतात. डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा असतो. म्हणजे आम्ही भांडतो ते केसाहून बारीक गोष्टीवरून.

बायकोचं निरीक्षण असं: "डोक्यावरचे केस गेले, आता गॅरेजात केसेस मोजतोय."

मी तिसऱ्या महिन्यात ३३३, ३३४ आणि ३३५ अशी तिन्ही कडी घेतली. कुठलं बरं, हे ठरेना. सकाळी मान मोजावी तर ३३४, संध्याकाळी मोजावी तर ३३५. पितळ रात्रीत फुगतं की काय म्हणून मी पहाटे तीनला उठून मोजून आलो. शेवटी बापटकाकांनी दाखवून दिलं की मी कॅलिपर दर वेळी वेगळ्या जोरानं दाबतो. त्यावर उपाय म्हणून मी दुसरा, अधिक महागडा कॅलिपर घेतला. आता माझ्याकडे दोन कॅलिपर आहेत आणि प्रत्येक मानेची दोन मापं.

बापटकाकांची सुरुवात मात्र स्वयंपाकघराच्या टेबलावर झाली होती. रिचर्ड ली नावाच्या माणसानं एक तळहातात मावणारा संच काढला होता. त्यात प्रेस नाही, दांडा नाही. नळकांड्यात केस घालायची आणि वरून हातोड्यानं ठोकायची, की मान आवळली. बापटकाकांनी लग्नानंतरची पहिली तीन वर्षं रोज रात्री जेवणाच्या टेबलावर ठकठक केलं. "मग?" मी विचारलं. "मग बायकोनंच प्रेस घेऊन दिला," ते म्हणाले. त्या काळी प्रेसबरोबर तिनं एक अटही घातली होती. गॅरेजाची.

तसा हा सगळा व्यवसायच काटकसरीतून जन्मला आहे. आरसीबीएस ही या सामानातली मोठी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या मिळेनात, तेव्हा १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती सुरू केली. छोट्या .२२ काडतुसांच्या उडवलेल्या केसेस घ्यायच्या आणि त्यांचीच गोळ्यांना आवरणं करायची! नाव ठेवलं 'रॉक चक बुलेट स्वेज'. रॉक चक म्हणजे शेताची नासाडी करणारा, घुशीचा सुखवस्तू चुलतभाऊ शोभावा असा प्राणी. टाकाऊतून टिकाऊ, धोब्याच्या दुकानात, तेही घुशीसाठी. हे वाचल्यापासून मी कंपनीचं नाव आदरानं घेतो.

आमच्या क्लबात रीलोडिंगवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक फक्त मान आवळणारे. यांचं म्हणणं, केस एकदा तुमच्या बंदुकीत उडाली की त्याच चेंबरच्या मापानं फुगते, अंगावर बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखी. मग अंगाला कशाला हात लावायचा? शिवाय पितळ कमी झिजतं. दुसरे फुल लेंग्थवाले, अख्खी केस अंगाखांद्यासकट आवळणारे. ते म्हणतात, तीन-चार फेऱ्यांनंतर तो सदरा इतका घट्ट बसतो की बंदुकीचा बोल्ट, म्हणजे चेंबरचं दार, मिटता मिटत नाही. स्पर्धेतले बरेच नेमबाज आता या दुसऱ्या बाजूला गेले आहेत, असं कुणी म्हटलं की बापटकाका ऐकू न आल्याचं सोंग करतात. ते कडवे मानवाले. त्यांचा एक जुना मित्र फुल लेंग्थला गेला, तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त हवामानावर बोलतात. ओहायोत हवामान भरपूर असल्यामुळे मैत्री टिकून आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत मी एकदा फार मोठा प्रमाद केला. केसेस काळ्या पडल्या होत्या. पिंपात घोळवायला दोन तास लागतात आणि वीज जळते. मी आपला खिडकीच्या काचा पुसायचा निळा द्रव घेतला आणि त्यात चाळीसच्या चाळीस बुडवल्या. तेवढ्यात बापटकाका आले. त्यांनी बाटली उचलली, मागचं लेबल वाचलं आणि चेहरा असा केला की जणू मी नळाला तोंड लावून पाणी प्यायलो.

"यात अमोनिया आहे! तू भारतीय ना? तुला पावसाळ्यातल्या घोड्यांची गोष्ट माहीत नाही?"

आता अमेरिकन माणूस मला भारतातला पाऊस शिकवणार म्हटल्यावर मी मुकाट्यानं स्टूल ओढलं. गोष्ट अशी. इंग्रजांच्या काळी पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली थंडावत, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवीत. पाऊस सरल्यावर बघावं तर पितळी काडतुसांना तडे गेलेले! आणि तेही बहुतेक मानेशी, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं तिथे. वर्षानुवर्षं कुणाला कारण कळेना. शेवटी १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि घडवताना थंडच ओढल्या-आवळल्यामुळे पितळात राहून गेलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. उपाय म्हणजे पितळ तापवून तो ताण उतरवायचा.

एवढं साम्राज्य, आणि घोड्याच्या मुतानं त्याच्या माना तडकाव्यात! मला मनातून बरं वाटलं. पण बापटकाकांसमोर मी गंभीर राहिलो आणि केसेस भराभरा पाण्यात बुचकळल्या.

मग बायको मदतीला आली. देवाची भांडी घासते तशी तिनं चिंच कोळून दिली. दहा मिनिटांत पितळ नव्या समईसारखं लखलखलं. बापटकाकांनी एक केस उजेडात धरून फिरवून पाहिली. "कोणत्या कंपनीचं आहे?" त्यांनी विचारलं. आता ते दर महिन्याला भारतीय दुकानात जाऊन चिंचेचा गोळा आणतात, आणि पावतीवर काय भाव लावला ते मला दाखवायला आणतात.

तापवण्याचा प्रयोग मात्र माझ्या एकट्याच्या हिमतीवर झाला. मान दर फेरीला फुगते, आवळते, फुगते, आवळते. तार वारंवार वाकवली की कडक होऊन तुटते ना, तसंच पितळाचं होतं. मग मानेला ज्योत दाखवून ते मऊ करायचं. बुडाला मात्र आच लागता कामा नये, कारण स्फोटाचा दाब ते बूड सोसतं. रंग ओळखता यावा म्हणून अंधार हवा. मी गॅरेजात काळोख केला, एका हातात ज्योत, दुसऱ्या हाताच्या चिमटीत केस. बूड थंड राहिलं की तुम्हाला चटका बसत नाही, आणि चटका बसला की समजायचं केस वाया गेली, अशी ती पद्धत. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा भट्टीपाशी उकिडवं बसून त्याची सगळी कला मी डोळ्यांनी चोरली होती, असा माझा समज होता. पहिली केस चिमटीतून उडाली आणि चपलेच्या अंगठ्यात शिरली. मी ओरडलो, बायकोनं दिवा लावला, त्या झगझगाटात दुसरीचा रंग समजला नाही. तिसरीला मात्र मान इतकी मऊ झाली की गोळी बसवताना ती खांद्यात घुसली, नव्या नवरीसारखी.

खडकीचे आमचे मामा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले आहेत. तो कारखाना १८६९ सालचा. मी त्यांना फोन केला.

"मान किती वेळ तापवायची, मामा?"

"अरे बाळ्या, आम्ही पितळेची वाटी ओढून ओढून केस करायचो. दर ओढीनंतर भट्टी. शेवटी मान तापवली की तिच्यावर निळसर डाग राहतो, तो मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे तापवल्याची खूण दिसते. पेट्याच्या पेट्या जायच्या. तुझ्या किती आहेत?"

"चाळीस केसेस आहेत. आणि दोन पौंड दारू गॅरेजात ठेवलीय."

मामांचा फोन स्पीकरवर होता आणि मामी शेजारी शेंगा सोलत होत्या. माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी नाशिकच्या आत्यांचा फोन आला.

"वकील चांगला केलायस ना रे?"

"कसला वकील?"

"चाळीस केसेस म्हणजे थट्टा नव्हे. आणि दारू अशी वजनावर घ्यायची वेळ यावी? बायको काय म्हणते?"

बायको शेजारीच ऐकत होती. ती म्हणाली, "आता काय बोलायचं, आत्या. रात्र रात्र गॅरेजातच असतो."

आता माझ्या नेमबाजीबद्दल. या विषयाला मी मुद्दाम उशिरा हात घालतो आहे. एवढ्या खटाटोपानं केलेल्या या बाटलीच्या आकाराच्या काडतुसानं ओहायोत हरणाची शिकारही करता येत नाही. तिथे सरळ नळकांड्यासारख्या केसेसचं काडतूस लागतं. मला त्याचं दुःख नाही, आमच्याकडे सोमवारी अंडंही चालत नाही. आम्ही शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्या झाडतो. त्या अंतरावर पाच गोळ्या एका इंचाच्या आत बसल्या तर माणूस कागद घडी करून पाकिटात ठेवतो. बापटकाका दर उन्हाळ्यात ईरी सरोवराच्या काठी कँप पेरीला जातात. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. त्यांच्या पाकिटात असे कागद आहेत. नातवंडांचे फोटो नंतर येतात.

माझ्या पहिल्या पाच गोळ्या चार इंचांत बसल्या होत्या. त्या वेळी मानेकडे माझं लक्ष नव्हतं. मग ३३४ची बुशिंग, दोन कॅलिपर, तापवलेलं पितळ, चिंचेनं घासलेलं अंग, एका ग्रेनच्या दशांशापर्यंत तोललेली दारू, आणि हे सगळं झाल्यावर माझ्या पाच गोळ्या साडेचार इंचांत बसल्या.

"वारा आहे," मी म्हणालो.

बापटकाकांनी खांबावरच्या झेंड्याकडे पाहिलं. झेंडा दुपारच्या वामकुक्षीत होता.

"मानेचा ताण सारखा नसेल. ३३३ची बुशिंग लावून बघू का?"

"बघू," ते म्हणाले. "आधी ही पाच उडव. भरून मी देतो."

तीन उडाली. चौथ्याला मी श्वास रोखला, डोळा मिटला, ट्रिगर दाबला. टक्. बारच नाही! बापटकाकांनी मधेच एक खोटं काडतूस सारलं होतं. आत दारू नाही, बुडाला टिकली नाही. काडतुसाची लांबी जुळवायला मीच ते बनवून त्यांना कौतुकानं दाखवलं होतं. आणि स्फोट नसूनही माझं सगळं शरीर दचकलं होतं. खांदा पुढे, डोळे घट्ट मिटलेले, मान डावीकडे लचकलेली, आणि बंदुकीची नळी हरणाच्या नव्हे, उंदराच्या उंचीवर. माझं पितळ उघडं पडलं ते असं, माझ्याच पितळानं.

शेजारच्या बाकावरचा तरुण, तोच तो टोपणं टाकून जाणारा रानटी, सभ्यपणे दुसरीकडे बघू लागला.

"मानेतच दोष आहे," बापटकाका म्हणाले. "पण केसच्या नाही."

मग त्यांनी उपाय सांगितला. घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या बंदुकीनं सराव करायचा. नाणं नळीवर ठेवायचं, ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. खर्च शून्य.

खर्च शून्य म्हटल्यावर त्या उपायावर माझा विश्वास बसेना. घरी येऊन मी फुल लेंग्थची डाय मागवली.

तसं निमित्तही होतं. चौथ्या फेरीनंतर बोल्ट खरोखरच मिटेना. मानवाल्यांचा तो सदरा अंगात रुतला होता. डाय आली तेव्हा बापटकाकांनी तिच्याकडे परधर्माचं पुस्तक बघावं तसं पाहिलं. पण वंगणाची डबी त्यांनीच आणून दिली. "अख्खी केस आवळताना अंगाला हे नीट चोळ. नाहीतर अडकेल."

मी झाकण उघडून वास घेतला. "कसली चरबी आहे यात?"

त्यांना प्रश्न कळेना. मग मी त्यांना १८५७ सांगितलं: एन्फिल्ड रायफली, दातांनी तोडायची काडतुसं, आणि त्यांना लावलेली गायीची नि डुकराची चरबी अशी उठलेली बातमी. घोड्यांची परतफेड झाली म्हणून मला समाधान वाटलं. बापटकाकांनी चष्मा लावून लेबल वाचलं. "लॅनोलिन. मेंढीच्या लोकरीतलं मेण." म्हटलं, मग चालेल, शिवाय तोंडात घ्यायचं नाही.

डबी लहान होती आणि तिची किंमत मला माहीत होती. पहिल्या केसला मी बोटभर चोळलं. दुसरीला अर्ध्या बोटानं. पाचवीला आमच्या आत्या पंगतीत तूप वाढायच्या तशी फक्त बोटाची सावली पडू दिली. सहाव्या केसला मी डबी नुसती दाखवली.

ती आत गेली. बाहेर आली नाही.

पुढचं तुम्ही सुरुवातीला पाहिलंच. खांदा घालून दांडा वर ढकलला तेव्हा केसच्या बुडाची कड उपटून हातात आली, आणि बाकीची केस डायमध्ये तशीच, बिळात शिरलेल्या सापासारखी. मी हे बापटकाकांना फोनवर सांगितलं: "मान अडकली."

"मान नाही," ते म्हणाले, "सगळा देहच. मानवाल्यांना हे कधी होत नाही." आवाजात दुःख होतं, पण जेमतेम.

अशा वेळचा एक इलाज असतो. केसच्या बुडाला ड्रिलनं भोक पाडायचं, टॅपनं आटे पाडायचे, त्यात बोल्ट फिरवायचा आणि बूच काढावं तसं ओढायचं. त्याचा संच विकत मिळतो. मी घेतला नाही. आपल्याकडे ड्रिल आहे आणि टॅप मुलीच्या जुन्या सायकलच्या वेळी घेतलेला आहे, मग संच कशाला? भोक सरळ पडलं. आटेही दोन पडले. तिसऱ्याला टॅप मोडला आणि त्याचं टोक आतच राहिलं. टॅप पोलादाचा, कडक, त्याला माझं ड्रिल लागेना. म्हणजे आता डायमध्ये केस, केसमध्ये टॅप.

मामा म्हणाले, "घेऊन ये खडकीला. जुने फिटर आहेत अजून ओळखीचे."

"सामानात रिकामी काडतुसं घेऊन विमानतळावर जाणार?" बायको म्हणाली. "मग होतील खऱ्या केसेस."

तेव्हा विनंती अशी. क्लीव्हलंडच्या आसपास कुणा मराठी माणसाकडे मोडका टॅप काढायचं साधन असेल, तर कृपया येऊन जावं. चहा-पोहे आमच्याकडे. वंगण मात्र येताना तुमचंच आणा.